मोजणीस मुलाहिजा नाही : शस्त्रक्रियागृहातील परिचर्येवरील पुस्तिकेची प्रस्तावना

१९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. बाळंतपण तीन दिवसांपूर्वीच पार पडले होते, आणि १३ जुलैला झालेली ही शस्त्रक्रिया त्या काळीही शल्यशास्त्रातील अवघड कामांत मोडत नव्हती; परंतु पुढे ताप चढला, पोटदुखी थांबेना, आणि सहाव्या दिवशी दुसऱ्या शल्यविशारदांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा रक्त टिपण्यासाठी वापरलेला कापडी मॉप आतच राहून गेल्याचे व पू साचल्याचे दिसून आले. २४ जुलैला ती स्त्री मरण पावली. तिच्या आप्तांनी दिवाणी दावा दाखल केला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा केला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. पोटात मॉप राहणे ही हयगयच होय, आणि आपल्या नोकरांच्या अशा हयगयीस शासन जबाबदार आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. वैद्यकीय हयगयीच्या खटल्यांत देशभर ज्या निवाड्याचा दाखला दिला जातो, तो आपल्या मराठवाड्यातील एका बाळंतिणीच्या मृत्यूतून निघालेला आहे, हे येथील वाचकांस सहसा माहीत नसते.

न्यायालयाने आपले काम केले, आणि त्यास जवळजवळ तेहतीस वर्षे लागली. पण हयगय झाली की नाही आणि नुकसान कोणी भरून द्यावे, एवढेच न्यायालयापुढचे प्रश्न असतात. पोटाचा आतला पडदा शिवावयास घेण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात मॉप कोणी मोठ्याने मोजले काय, मोजणीत एक कमी भरला काय, आणि कमी भरला असल्यास ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्या खोलीत कोणाला होता, या प्रश्नांची उत्तरे हुकूमनाम्यातून मिळत नाहीत. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय तो अर्धा तास आहे. तो ज्या व्यक्तीच्या हाती सोपवलेला असतो, तिला सरकारी दप्तरात अधिपरिचारिका म्हणतात, तिच्या वरच्या जागेवरील बाईंना परिसेविका म्हणतात, आणि रुग्ण, नातेवाईक व डॉक्टर या सर्वांच्या तोंडी दोघींचेही नाव ‘सिस्टर’ असे असते. शस्त्रक्रियेतील चुका टाळण्याच्या ज्या रीती पुढील प्रकरणांत सांगितल्या आहेत, त्या बहुतेक या सिस्टरच्या हातून व्हावयाच्या आहेत; परंतु शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार तिला नसेल, तर त्या रीतींचा रुग्णाला काही उपयोग नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचे मान्य केले ते हे मत मांडता यावे म्हणूनच.

पुस्तिका लिहिताना कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या टापूतील लहान शस्त्रक्रियागृहे डोळ्यांपुढे ठेवली आहेत. राष्ट्रकूटांच्या काळापासून नावारूपास आलेले, मन्याडेच्या खोऱ्यातील, भुईकोट किल्ल्याचे आणि जगत्तुंग तलावाचे हे कंधार आज तालुक्याचे गाव आहे. येथे ग्रामीण रुग्णालय आहे, आणि अडलेली बाळंतीण, फुटलेले अपेंडिक्स किंवा ट्रॅक्टरखाली सापडलेला गडी यांच्यावर येथेच उपचार करावेत की त्यांना नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे, याचा निर्णय रात्री-अपरात्री थोड्या माणसांना घ्यावा लागतो. मोठ्या रुग्णालयात एका टेबलाशी दोन परिचारिका असतात : एक हात धुऊन, निर्जंतुक गाऊन घालून हत्यारे हाती देणारी, आणि दुसरी मोकळी राहून सामान पुरवणारी, फळ्यावर नोंद करणारी. मोजणीचे सगळे शास्त्र या दोघी हजर आहेत असे धरून रचलेले आहे. तालुक्याच्या गावी रात्रीच्या सिझेरियनला मात्र पुष्कळदा एकच सिस्टर असते, आणि दुसरीच्या जागी मावशी किंवा मामा उभे राहतात. तेव्हा परदेशी ग्रंथांतील किंवा मुंबईच्या रुग्णालयांतील नियम येथे जसेच्या तसे उतरवून भागत नाही. ते येथील माणसांना पेलतील अशा रूपात मांडावे लागतात.

मोजणीची रीत ऐकण्यास सोपी आहे. चीर घेण्यापूर्वी मॉप, गॉज, सुया, पाती आणि हत्यारे मोजावीत. शस्त्रक्रिया चालू असता जे नवे टेबलावर येईल ते त्याच क्षणी फळ्यावर वाढवावे. सिझेरियन असल्यास गर्भाशय बंद करण्यापूर्वी, नंतर पोटाची पोकळी बंद करण्यापूर्वी, आणि शेवटी कातडी शिवण्यापूर्वी पुन्हा मोजावे. खळ्यावर धान्य मापताना एकजण माप भरतो आणि दुसरा आकडा मोठ्याने म्हणतो, त्यात साक्षीचा जो भाग आहे तोच येथे हवा : दोघांनी पाहावे, एकाने उच्चारावे, आणि मध्ये व्यत्यय आला, कोणी काही मागितले किंवा वीज गेली, तर तो गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजावा. दुसरी परिचारिका नसेल तेथे मावशीला साक्षीदार करावे. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी पाचापर्यंत मोजता येते, आणि मॉप पाच-पाचांच्या गठ्ठ्यांत बांधण्याचा प्रघात तिच्या कामी येतो.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. येथील अनेक लहान रुग्णालयांत गॉज तयार येत नाही. थान येते, आणि दुपारच्या मोकळ्या वेळी सिस्टर आणि मावशी ते कापून, घड्या घालून, मॉप शिवून, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला लावतात. कारखान्यात तयार होणाऱ्या अनेक मॉपमध्ये क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसणारा धागा विणलेला असतो. येथे शिवलेल्या मॉपमध्ये तो नसतो, म्हणून असा मॉप आत राहिल्याचा संशय आला तरी छायाचित्र काढून त्याचा ठाव लागत नाही. ज्या रुग्णालयाजवळ साधने कमी, त्याला मोजणीवरच अधिक विसंबावे लागते, हे यातून निघते आणि ते फार महत्त्वाचे आहे. गठ्ठा बांधतानाच चार किंवा सहा भरले असतील, तर शस्त्रक्रियेच्या वेळी ते ध्यानात येताच तो सबंध गठ्ठा बाजूस काढावा. त्यात भर घालून किंवा त्यातून एक उचलून पाच करण्याच्या फंदात पडू नये. टेबलावरील गॉज कधीही कापू किंवा फाडू नये, कारण एकाचे दोन झाले की पुढची मोजणी बरोबर येऊनही खोटी असते. रक्ताने भिजलेले दोन गॉज चिकटून एकच भासतात, म्हणून ते सुटे करून मांडावेत. मोजलेल्या गॉजने वरची पट्टी करू नये. मोजणी पुरी होईपर्यंत बादली, मळके कपडे, कचरा यांतील काहीही शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर जाऊ नये, आणि याचे कारण मावशीला समजावून सांगावे; कारण न कळता पाळलेला नियम गडबडीच्या रात्री टिकत नाही. बाळंतपणाच्या टेबलावर टाके घालताना आत ठेवलेल्या गॉजलाही हाच नियम लागू आहे, आणि त्याचा विसर शस्त्रक्रियागृहापेक्षाही अधिक पडतो, कारण तेथे मोजावयाचे असते हेच पुष्कळांच्या मनात येत नाही.

या सर्व दक्षतेनंतरही मोजणी फसते, आणि ती कशी फसते याचा एक अभ्यास वाचकाने अवश्य लक्षात घ्यावा. २००३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील अशा ५४ रुग्णांची प्रकरणे तपासून प्रसिद्ध करण्यात आली, की ज्यांच्या शरीरात मिळून ६१ वस्तू राहून गेल्या होत्या. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक वस्तू मॉप-गॉज होत्या. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका नऊ पट आणि ऐन वेळी शस्त्रक्रियेचा बेत बदलल्यास चार पट वाढत असल्याचे आढळले. आणि ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती त्यांपैकी ८८ टक्क्यांत ती ‘बरोबर’ म्हणून नोंदलेली होती. हा आकडा मी पुनःपुन्हा वाचला आहे. वस्तू आत होती आणि दप्तरात हिशेब जुळलेला होता. संख्या मोजण्यात मनुष्य चुकतो हे खरे, पण इतक्या सर्वांनी केवळ अंकगणितात चूक केली असे मानणे मला कठीण जाते. टाके घालणे सुरू झालेले असते, डॉक्टरांना दुसऱ्या रुग्णाकडे जावयाचे असते, भूलतज्ज्ञ भूल उतरवण्याच्या तयारीत असतात, आणि अशा वेळी ‘एक कमी भरतो आहे’ असे म्हणणे म्हणजे सर्वांचा रोष एकटीने पत्करणे असते. तेव्हा मन आपोआप अशी मोजणी करू लागते की जिचे उत्तर आधीच ठरलेले आहे.

या अभ्यासाचे प्रमुख लेखक अतुल गावंडे होत, आणि त्यांचे मूळ आपल्यापासून दूर नाही. त्यांचे वडील आत्माराम गावंडे हे पैनगंगेच्या पलीकडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ते अमेरिकेत जाऊन मूत्ररोगांचे शल्यविशारद झाले, आणि उमरखेडला आईच्या नावाने महाविद्यालय निघावे यासाठी त्यांनी साह्य केले. पुत्र बोस्टनमध्ये शल्यविशारद झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली जी एकोणीस कलमांची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची प्रसृत केली, ती तयार करणाऱ्या पथकाचे नेतृत्व त्याच्याकडे होते. भूल देण्यापूर्वी, चीर घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वी, अशा तीन वेळी सर्वांनी क्षणभर थांबून मोठ्याने विचारावयाचे प्रश्न तीत आहेत : रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, ॲलर्जी आहे काय, रक्त तयार आहे काय, प्रतिजैविक चीर घेण्याआधीच्या तासाभरात दिले काय, मोजणी जुळली काय. दिल्लीपासून टांझानियातील इफाकारापर्यंत आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर उपद्रवांचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण कथा येथे संपवली तर वाचकाची दिशाभूल होईल. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात याच धर्तीच्या सूचीच्या वापराचा जाहीर अहवाल देणे सक्तीचे करण्यात आले, आणि तेथील १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ साली पुढे आला तेव्हा मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झालेली आढळली नाही. सूची जवळजवळ तीच असता एका ठिकाणी इतका गुण आला आणि दुसरीकडे का आला नाही, यावर विद्वानांत वाद आहे. मला त्याचे कारण हुकमाच्या स्वरूपात दिसते : वरून आलेला कागद खाली खुणा करून परत पाठवला जातो, आणि खुणा करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचे बळ त्या कागदातून मिळत नाही. आपल्याकडील सरकारी दप्तराशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

ओळख पटवण्याविषयीचे प्रकरण मला या पुस्तिकेतील सर्वांत उपयुक्त वाटले, कारण त्यातील प्रत्येक शब्द येथील मातीतला आहे. कंधार-मुखेडच्या डोंगराळ भागात बंजारा तांडे पुष्कळ. राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे घरोघर. त्यामुळे एका दिवसाच्या यादीत एकाच नावा-आडनावाच्या दोन बाया असणे यात नवल काही नाही. तांड्यावर गोरमाटी, कंधार गावात उर्दू, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि कन्नड, अशा भाषा बोलत रुग्ण येतात. आणि परक्या, थंडगार खोलीत, हिरव्या कपड्यांतील माणसांनी वेढलेल्या बाईला ‘तुम्ही शांताबाई ना?’ असे विचारले, तर ती शांताबाई असो वा नसो, ‘हो’ म्हणते. भीतीने म्हणते, आदराने म्हणते, ऐकू न आल्यानेही म्हणते. म्हणून नाव आपण उच्चारू नये. ‘मावशी, तुमचं नाव सांगा, गाव कोणतं, घरी कोण कोण आहे, कशाचं ऑपरेशन आहे, हात लावून दाखवा’ असे विचारावे, आणि भूल देण्यापूर्वी विचारावे, कारण भूल दिल्यानंतर रुग्णाची साक्ष संपते. डाव्या-उजव्याचा घोटाळा हर्नियात, डोळ्यात, गुडघ्यात, मूत्रपिंडात होतो. समोर उभ्या असलेल्याचा उजवा हात रुग्णाच्या डाव्या बाजूस येतो, क्ष-किरणांची फिल्म उलटी लावली जाते, आणि संमतिपत्रावर घाईत लिहिलेला शब्द खरा धरला जातो. शल्यविशारदाने रुग्ण जागा असताना स्वतःच्या हाताने न पुसणारी खूण करावी. खूण नसेल तर सिस्टरने रुग्णाला टेबलावर घेऊ नये.

पिशवीच्या किंवा आतड्याच्या तुकड्याची बाटली झाकणावर नव्हे तर बाटलीवरच नाव घालून पाठवणे, स्पिरिटयुक्त द्रावण पूर्ण वाळल्याखेरीज कॉटरी न लावणे, ऑटोक्लेव्हच्या पट्टीचा रंग पालटला की नाही हे ड्रम उघडताना पाहणे, या गोष्टी पुढे सविस्तर आल्या आहेत. येथे त्यांची पुनरुक्ती करीत नाही.

आपला हा प्रदेश निजामाच्या राज्यात असताना, १८८८ आणि १८८९ साली, हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेचा शोध घेण्यासाठी दोन आयोग बसले होते, याची आठवण एकट्या सिस्टरवर पडणाऱ्या भाराच्या संदर्भात करणे मला अगत्याचे वाटते. सर्जन-मेजर एडवर्ड लॉरी त्यांचे प्रवर्तक होते, सहाव्या निजामांचा आश्रय त्या कामास होता, आणि रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई तेथे भूल देण्याचे काम करीत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. भूल देणाऱ्याने दुसरे काही न पाहता श्वासाकडे अखंड लक्ष ठेवावे, या लॉरींच्या आग्रहात मोठे तथ्य होते. क्लोरोफॉर्मने हृदय थेट थांबत नाही, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पुढे चुकीचा ठरला. शस्त्रक्रियेच्या वेळी एका माणसाकडे केवळ पाहण्याचेच काम असावे, हा विचार सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी याच राज्यात इतक्या गांभीर्याने चर्चिला गेला होता, हे तालुक्याच्या रुग्णालयात एकाच सिस्टरकडून टेबल, फळा, औषधे आणि बाळ या सर्वांची अपेक्षा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अशा अपेक्षेचे टोक शिबिरांत दिसते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढील काही दिवसांत त्यांपैकी दहाहून अधिक जणी दगावल्या. दोष औषधांचा की निर्जंतुकीकरणाचा, यावर वाद झाला. परंतु एका पथकाने दिवसात ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत असा शासनाचाच दंडक होता, आणि तो मोडला गेला यात वाद नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. त्र्याऐंशी स्त्रियांची हत्यारे दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये निर्जंतुक होण्याइतका वेळ त्या दिवशी घड्याळात नव्हता, आणि हे त्या खोलीत उभ्या असलेल्या परिचारिकांना दिसत असणारच. त्यांना थांबवण्याचा अधिकार असता तर यादी तिसाव्या नावाशी थांबली असती.

हा अधिकार त्यांना का नाही, याचे उत्तर आपल्या समाजात शोधावे लागेल. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभारून स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावणारे हे काम प्रतिष्ठित घरांत हीन समजले जात होते. तो कलंक पुसला गेला; पण ‘सिस्टरने सांगितलेले करावे’ ही कल्पना रुजली असली तरी ‘सिस्टरने विचारावे’ ही अजून रुजली नाही. ज्येष्ठांचा मुलाहिजा राखणे हा आपला गुण आहे, आणि घरात तो शोभतोही. शस्त्रक्रियागृहात मात्र तोच गुण रुग्णाच्या जिवावर उठतो. वीस वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दोन वर्षांच्या नोकरीतील मुलीने ‘सर, मोजणी जुळत नाही, थांबा’ असे म्हणावे, हे धाडस शिकवणीने येत नाही. ते डॉक्टरांनी तिला आधीच, सर्वांसमक्ष, दिलेले असावे लागते.

म्हणून या टापूतील वैद्यकीय अधीक्षकांस आणि शल्यविशारदांस माझी विनंती आहे. सिस्टरने मोजणी पूर्ण असल्याचे सांगितल्याखेरीज कातडी शिवली जाणार नाही, एवढ्या एका वाक्याचा लेखी हुकूम आपल्या शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लावावा आणि त्याखाली स्वतःची सही करावी. रात्रीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला दुसऱ्या परिचारिकेची तजवीज करावी, आणि ती होत नसेल तर तसे वरिष्ठांना लेखी कळवावे. आणि ज्या रात्री सिस्टर शस्त्रक्रिया थांबवील, सगळे मिळून पंधरा मिनिटे शोधतील, आणि हरवलेला मॉप शेवटी बादलीच्या तळाशी सापडेल, त्या रात्री तिच्यावर रागावू नये.